वरातीमागून घोडं : जुन्या निकालांवरून पुढचा विजेता सांगता येतो का?



रविवारची संध्याकाळ, उद्या पहाटे फर्स्ट शिफ्ट, आणि तरी इतकी माणसं आली, याबद्दल आधी आभार मानतो. विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून रेसकडे कधी वळलात?" तर आम्ही आपणहून वळलो नाही. आमच्या गल्लीत खोली करून राहणाऱ्या एका मुलानं आम्हाला तिकडे नेलं. डिप्लोमा झालेला, इथंच वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीला असलेला हा मुलगा. त्याच्या परवानगीनंच सांगतो, नाव मात्र सांगणार नाही.

एके दिवशी तो एक जाडजूड वही आणि लॅपटॉप घेऊन आला. मुंबई आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचे तीन मोसमांचे निकाल त्यानं एकेक करून टाइप केले होते. घोड्याचं नाव, वय, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर, गेट नंबर, अंतर, मागची शर्यत किती दिवसांपूर्वी झाली, सगळं रकान्यांत मांडलेलं. म्हणाला, "सर, यात पॅटर्न आहे. मला दिसतोय. तुम्ही फक्त लॉजिक तपासून द्या." फोनवरून कुणामार्फत तो पैसे लावत होता, हेही त्यानं लपवलं नाही.

प्रश्न चांगला होता. जे घडून गेलं त्यावरून जे घडायचं आहे त्याबद्दल काही सांगता येतं का? आमच्या विषयात या प्रश्नाला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. म्हणून आम्ही ती वही ठेवून घेतली.

आधी शर्यतींबद्दल थोडं. मराठवाड्याला घोडा नवा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत आपल्यापैकी काही जण गेले असतील. तिथं घोडा घेणारा माणूस आधी त्याच्या अंगावरचे भोवरे बघतो. देवमण असला तर शुभ, भलत्या जागी भोवरा असला तर खोड. ही परंपरा म्हणजे एक प्रकारचा जुना डेटाच आहे. कुणीतरी कधीतरी पाहिलं, दुसऱ्याला सांगितलं. फक्त त्यात एक रकाना राहिला. देवमण असूनही मालकाला बुडवणारे घोडे किती निघाले, ते कुणी लिहून ठेवलं नाही. हा हरवलेला रकाना लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

मुंबई-पुण्याची गोष्ट वेगळी. पुण्याचं रेसकोर्स १८३० चं, महालक्ष्मीचं १८८३ चं. दोन्हीकडच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. इंडियन डर्बी १९४३ पासून होते. २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीनं जिंकली, ती बडोद्याच्या महाराजांची. म्हणजे नुसत्या डर्बीचे म्हटले तरी ऐंशीच्या वर निकाल हाताशी आहेत, आणि रोजच्या शर्यती मोजल्या तर हजारो. इतकी शिस्तीत ठेवलेली नोंद माणसानं फार थोड्या गोष्टींची ठेवली आहे. मग त्यातून काही निघायला नको का?

आता गंमत बघा. बहुतेक शर्यती 'हँडिकॅप' असतात. म्हणजे काय? क्लबचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या मागच्या कामगिरीवरून एक रेटिंग देतो. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमजोर घोड्याच्या पाठीवर कमी. आज जिंकलात तर रेटिंग वाढतं आणि पुढच्या वेळी ओझं वाढतं. त्या अधिकाऱ्याच्या मनातली आदर्श शर्यत कोणती? सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोचतील ती! इतिहासातून जो फरक दिसतो तो पुसून टाकणं, हेच त्याचं काम. म्हणजे तुम्ही ज्या वहीतून पॅटर्न शोधताय, ती वही त्यानं आधीच वाचलेली असते आणि त्यावर इलाजही केलेला असतो. डर्बीसारख्या शर्यतींत असं नसतं, तिथं वजनं जवळपास सारखी असतात, माद्यांना थोडी सवलत असते. म्हणून डर्बीचे निकाल आणि हँडिकॅपचे निकाल एका रकान्यात टाकले की पहिलीच चूक झाली. आमच्या मित्रानं ती केली होती. शिवाय मुंबईच्या शर्यती हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या, पुण्याच्या पावसाळ्यातल्या. कोरड्या मैदानावरचा नियम ओल्या मैदानावर चालेलच असं नाही.

आता त्याचे पॅटर्न. एक होता गेट नंबरचा. अमुक अंतराला अमुक गेटवरचे घोडे जास्त जिंकतात. गेट तर चिठ्ठ्या टाकून ठरतात. वळणाजवळच्या गेटचा थोडा फायदा-तोटा असू शकतो, नाही असं नाही. पण आधी हे घरी करून पाहा. बारा चिठ्ठ्या करा, १ ते १२ आकडे लिहा. एक काढा, लिहा, परत टाका. असं ८० वेळा. प्रत्येक आकडा साधारण सहा-सात वेळा यायला हवा, बरोबर? पण एखादा ११ वेळा आला आणि एखादा तीनच वेळा, तर दचकू नका. तसं होणं हेच नेहमीचं. पण हीच यादी 'डर्बी जिंकणारे गेट' म्हणून कुणाच्या हातात दिली, तर तो माणूस ११ वेळा आलेल्या आकड्याचं कारण अर्ध्या मिनिटात सांगेल.

आपल्या परंपरेत याला सुंदर नाव आहे : घुणाक्षर न्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो पोखरत जातो आणि कधीतरी त्या नक्षीत 'क' किंवा 'म' असं अक्षर उमटतं. अक्षर खरंच दिसतं, वाचताही येतं. पण किड्याला काही लिहायचं नव्हतं. वहीत दिसणारा पॅटर्न खोटा नसतो बरं का, मंडळी. तो तिथं असतोच. प्रश्न एवढाच, की तो कुणी लिहिला आहे की किड्यानं पोखरला आहे?

कारखान्यातल्या लोकांना हे वेगळ्या शब्दांत माहीत आहे. लाइनवर एका सोमवारी तीन पीस रिजेक्ट निघाले, म्हणून सोमवारला दोष देतात का? चांगला क्वालिटीवाला कंट्रोल चार्ट बघतो. १९२४ साली वॉल्टर श्यूहार्टनं तो काढला तो यासाठीच, की नेहमीची चढउतार कोणती आणि खरोखर बिघाड कोणता, हे वेगळं कळावं. आम्ही त्या मुलाला म्हटलं, "अरे, हे तू रोज मशिनवर करतोस. वही उघडली की कसं विसरतोस?" तो हसला. "सर, तिथं पैसे माझे नसतात."

दुसरी अडचण संख्येची. त्यानं किती नियम तपासले होते? गेट, वजन, अंतर, महिना, जॉकी, विश्रांतीचे दिवस, आणि यांच्या जोड्या. शंभर तरी नक्की. समजा, यातला एकही नियम खरा नाही, आणि निव्वळ योगायोगानं एखादा नियम खरा वाटायची शक्यता विसात एक आहे. तरी शंभरातले पाचेक नियम झकास दिसणारच. आपण पंचाण्णव विसरतो आणि ते पाच वहीत लाल शाईनं लिहितो. निकाल लागल्यावर नियम शोधायचा आणि त्याला भाकीत म्हणायचं, याला आपल्याकडे चार शब्दांचीही गरज लागत नाही. वरातीमागून घोडं.

तिसरी गोष्ट जरा खोल आहे. त्याचा दुसरा पॅटर्न होता जॉकीचा. उदाहरण मोठंच घेऊ. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली. अफाट कामगिरी आहे. पण यावरून 'श्रॉफ घोड्यावर असले की घोडा जिंकतो' असं म्हणता येईल का? नैयायिक इथं हात वर करून विचारतील, उपाधी तपासलीत का?

उपाधी म्हणजे काय ते सांगतो. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे बरोबर. पण 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चूक. आपल्या वाळूजच्या भट्टीतून लालबुंद लोखंड बाहेर येतं, त्यात अग्नी आहे, धूर कुठं आहे? धूर यायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण ही उपाधी. दोन गोष्टी सोबत दिसतात, पण त्या तिसऱ्याच गोष्टीमुळे सोबत आलेल्या असतात. आता बघा, उत्तम जॉकीला कोणते घोडे मिळतात? उत्तम. मालक आणि ट्रेनर आपला सर्वांत चांगला घोडा त्याच्याच हाती देणार. म्हणजे विजयात जॉकीचं कसब किती आणि घोड्याचा दम किती, हे नुसत्या विजयांच्या मोजणीतून सुटं होत नाही. श्रॉफ यांचं कसब आम्ही नाकारत नाही. फक्त ते त्या रकान्यातून सिद्ध होत नाही, एवढंच. तोच जॉकी कमजोर घोड्यांवर किती वर येतो, तोच घोडा दुसऱ्या जॉकीखाली कसा धावतो, हे बघावं लागेल.

आता आमचीच एक कबुली. हे सगळं त्या मुलाला शिकवता शिकवता आम्हीही त्या वहीत गुंतलो. सत्तरी ओलांडलेला माणूस रात्री अकरापर्यंत घोड्यांची नावं वाचत बसतो म्हणून घरात बोलणी खाल्ली. आणि आम्हाला एक नियम सापडला! अंतर, वजन आणि विश्रांतीचे दिवस यांची एक जोडणी. पहिल्या दोन मोसमांत असा काही फिट बसत होता, की आम्ही मनातल्या मनात पैसेही लावले, मनातल्या मनात जिंकलोही. मग लक्षात आलं, की तिसऱ्या मोसमाची पानं आम्ही नीट पाहिलीच नव्हती. आयती परीक्षा होती. नियम कागदावर लिहिला, तारीख टाकली, त्या मुलाची सही घेतली आणि मग पान उलटलं. घोडामैदान जवळच होतं, पाच मिनिटांत कळलं. नियम साफ आडवा झाला. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी त्याहून बरं झालं असतं.

वाईट वाटलं का? हो, वाटलं. चाळीस वर्षं अनुमान शिकवलं, आणि स्वतःला सापडलेलं अक्षर किड्याचं आहे हे मानायला आम्हाला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी आम्ही काय केलं सांगू? तिसरा मोसमच कसा विचित्र होता, याची कारणं शोधली. पण परीक्षेची पद्धत मात्र हीच. नियम आधी लिहायचा, आणि ज्या शर्यतींतून तो काढला नाही त्यांवर तो तपासायचा. नापास झाला तर त्याला ग्रेस मार्क द्यायचे नाहीत.

मग शर्यतींच्या इतिहासात खरे पॅटर्न नाहीतच का? आहेत. आणि ते फार बोलके आहेत.

एक असा, की लोक साधारण बरोबर असतात. ज्या घोड्यावर सर्वांत जास्त पैसे लागतात तो फेव्हरिट. जगातल्या बऱ्याच रेसकोर्सवर फेव्हरिट साधारण तीनात एकदा जिंकतो. दहा-बारा घोड्यांत तीनात एक म्हणजे गर्दीला पुष्कळ कळतं. पण उरलेल्या दोन वेळा तो हरतो, हेही तितकंच खरं.

दुसरा पॅटर्न १९४९ साली ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या निकालांतून दाखवला. ज्यांच्यावर कुणाचा भरवसा नाही अशा घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, आणि भरवशाच्या घोड्यांवर कमी. एकाला पन्नास मिळतील ही आशा हिशेबावर मात करते. १९५६ साली मॅग्लॉथलिननं आणखी एक गोष्ट पाहिली. दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत लोक या लांबच्या घोड्यांकडे जास्त झुकतात. का? दिवसभर हरलेला माणूस एका फटक्यात सगळं भरून काढायला बघतो. म्हणजे बघा, घोड्यांची वही उघडली आणि आत माणूस सापडला. आणि तोही नियम सगळीकडे सारखा नाही. १९८८ साली बुशे आणि हॉल यांनी हाँगकाँगचे निकाल तपासले, तर तिथं हा झुकाव सापडलाच नाही. एका गावचा खरा नियम दुसऱ्या गावी लागू नसतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

इथं तो मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे खरा पॅटर्न सापडला तर पैसे मिळतील ना?" आणि इथंच घोडं पेंड खातं. हिशेब करू.

टोट म्हणून जी पद्धत आहे, ती १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलरनं काढली. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, चालवणारा आपला हिस्सा कापतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. उदाहरणासाठी धरा, गल्ल्यात १०० रुपये आले आणि २० कापले. एका घोड्यावर लोकांनी २० रुपये लावलेत. तो जिंकला तर ८० रुपये त्या २० रुपयांत वाटले जाणार, म्हणजे रुपयाला चार. आता त्याची जिंकण्याची खरी शक्यताही पाचात एक असली, तर शंभर वेळा रुपया लावून तुम्ही वीस वेळा जिंकाल, ८० रुपये परत मिळतील. तुम्हाला घोडा बरोबर कळला होता, तरी २० रुपये गेले. नुसतं बरोबरीत सुटायला तो घोडा शंभरात २५ वेळा जिंकायला हवा, आणि ते लोकांना कळलेलं नसायला हवं. म्हणजे बरोबर असणं पुरत नाही. बाकीचे सगळे जितके चुकलेत त्याच्या पलीकडे बरोबर असावं लागतं. या हिशेबात जीएसटी धरलेला नाही. तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

कुणी जिंकलंच नाही का? जिंकलं. बिल बेंटर नावाचा अमेरिकन माणूस १९८० च्या दशकात हाँगकाँगला गेला आणि संगणकाच्या जोरावर अमाप कमावलं. त्या मुलानं हे नाव आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण बेंटरनं १९९४ साली स्वतः लिहिलेला निबंध वाचला की चित्र बदलतं. वर्षानुवर्षांचा डेटा, एकाच ठिकाणचे तेच तेच घोडे, पूर्ण वेळ काम करणारी माणसं, गाठीशी मोठं भांडवल. आणि सर्वांत महत्त्वाची पायरी कोणती? आपल्या गणितात त्यानं लोकांनी लावलेला भावही मिसळला. गर्दीला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त ठाऊक आहे, हे मान्य केल्यावर त्याचं गणित फायद्यात आलं. खोलीवर बसून टाइप केलेले तीन मोसम त्याच्यासमोर काय टिकणार?

शेवटचा आक्षेप कायद्याचा. "सर, सुप्रीम कोर्टच म्हणतं की यात कौशल्य आहे." खरं आहे. १९९६ साली डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पण नीट ऐका. खेळात कौशल्य आहे, यावरून ते माझ्याकडे आहे असं सिद्ध होत नाही. शस्त्रक्रियेतही कौशल्य असतं; म्हणून आपण सुरी हातात घेत नाही.

तर मग त्या मुलाचं काय झालं? आम्ही त्याला 'सोड' असं म्हटलं नाही. त्या वयात कुणी आम्हाला म्हटलं असतं तर आम्ही ऐकलं नसतं. वही परत देताना एवढंच म्हटलं, "तुझ्या नोंदीत एक रकाना कमी आहे. माळेगावच्या भोवऱ्यांसारखा. तू स्वतः कधी, कशावर, किती लावले आणि किती परत आले?" तीन मोसमांत धावलेल्या प्रत्येक घोड्याचं वजन त्याला पाठ होतं. हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "अंदाजे बरोबरीत असेन." आम्ही म्हटलं, "तुझ्या फोनवर पैसे गेल्या-आल्याचा सगळा इतिहास आहे. तोही डेटाच आहे. तेवढा टाइप कर."

आठ दिवस आला नाही. मग एका रात्री सेकंड शिफ्ट संपवून आला, बसला, लॅपटॉप उघडला. बेरीज वाचून दाखवली नाही, स्क्रीन आमच्याकडे फिरवली. तो आकडा आम्ही इथं सांगणार नाही. एवढंच सांगतो, की गावी बहिणीच्या लग्नासाठी घरच्यांनी जितकं काढून ठेवलं होतं, त्याच्या आसपासचा होता. त्यानं स्वतः त्या पानावर एक पॅटर्नही शोधला होता : मोठे आकडे सगळे रात्री उशिराचे आणि सगळे आधी हरल्यानंतरचे. मॅग्लॉथलिनचं नाव आम्ही तोवर त्याच्यापुढे काढलं नव्हतं. हा नियम त्यानं पुढच्या महिन्यांवर तपासला, आणि तो टिकला. त्या सगळ्या वहीत परीक्षेला टिकलेला तो एकच नियम.

आता तो पैसे लावत नाही असं तो सांगतो. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो रकाना आम्हाला दाखवतो, हेही ठरलं आहे. परवा आला होता तेव्हा मशिनवरच्या रिजेक्शनचा तक्ता घेऊन आला. त्याच्या साहेबांना वाटतं, दोष रात्रपाळीचा आहे. हा म्हणतो, "सर, उपाधी तपासायला हवी. रात्रपाळीला मटेरियलच वेगळ्या लॉटचं येतं." आम्ही म्हटलं, आधी लिहून ठेव, मग पुढच्या महिन्यावर तपास.

चहा आला आहे. प्रश्न असतील तर विचारा. कुणाला टीप हवी असेल तर मात्र आमच्याकडे नाही.